मळमळ पोटाची की भीतीची?

रात्रीचे दोन. दुपारी एकला लग्नात जेवण झालेलं: मसालेभात, मठ्ठा, पनीरची भाजी, दोन गुलाबजाम. आता पोटात ढवळतंय म्हणून जाग आली. पहिला विचार, 'पनीर शिळं होतं का?' दुसरा, 'आता उलटी होणार.' दोन मिनिटांत हातपाय गार, घशाशी काहीतरी आल्यासारखं आणि फोनवर 'पनीर विषबाधा लक्षणे' असा शोध. उलटीचं फारसं भय नसलेला माणूस कूस बदलून झोपतो, नाहीतर मोरीत जाऊन मोकळा होतो. ज्याला हे भय आहे तो पहाटेपर्यंत एकाच प्रश्नावर अडकतो: हे खरंच पोट बिघडलंय, की मी घाबरलोय म्हणून वाटतंय?

उलटीच्या या तीव्र भीतीला एमेटोफोबिया म्हणतात. किळस वेगळी, ती सगळ्यांनाच येते. इथे आयुष्य त्या भीतीभोवती आखलं जातं. बाहेरचं खायचं नाही, दुधाच्या पिशवीवरची तारीख तीनदा वाचायची, आजारी पोराला जवळ घ्यायचं नाही, घाटाचा रस्ता टाळायचा, काही बायकांच्या बाबतीत तर डोहाळ्यांच्या धास्तीने मूलच नको म्हणायचं. सुरुवात बहुधा लहानपणी होते आणि हे कोणाला सांगायचीही लाज वाटते, म्हणून वर्षानुवर्षं घरच्यांना ते 'जेवणाचे नखरे' वाटत राहतात. गंमत अशी की या माणसांना मळमळ जवळजवळ रोज होते, पण शेवटची उलटी कधी झाली हे आठवायला अनेकदा काही वर्षं मागे जावं लागतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. भीतीने होणारी मळमळ खोटी नसते. 'मनाचे खेळ आहेत' हे वाक्य शरीराच्या दृष्टीने चूक आहे.

एकाच खोलीची चार दारं

मेंदू खाली मज्जारज्जूला जोडला जातो त्या भागात उलटीचा कारभार चालतो. तिथे खबर पोचायला चार वाटा आहेत. पहिली पोटाकडून: आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना विष किंवा जंतू जाणवले की त्या सेरोटोनिन सोडतात आणि व्हेगस नावाची लांबलचक नस ती खबर वर नेते. दुसरी रक्तातून: तिथल्याच एका छोट्या भागाला मेंदूभोवतीचं नेहमीचं संरक्षक कुंपण नाही, त्यामुळे रक्तातलं औषध, दारू किंवा गरोदरपणातली रसायनं त्याला थेट लागतात. तिसरी आतल्या कानाकडून: डोळे म्हणतात 'मी पुस्तक वाचतोय', कान म्हणतो 'आपण वळतोय', आणि गाडी लागते. चौथी वरून, मेंदूच्याच दुसऱ्या भागांतून: वास, आठवण, किळस, भीती.

खोली एकच, म्हणून आत आल्यावर कोण कुठल्या दाराने आलं हे सहज कळत नाही. त्यात भीती नुसतं दार वाजवून थांबत नाही, पोटावर प्रत्यक्ष परिणाम करते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात नव्यानेच सापडलेल्या क्ष-किरणांखाली मांजरांचं जठर पाहिलं. खाल्लेलं अन्न घुसळणाऱ्या लाटा सुरू असत. मांजर बिथरलं की त्या थांबत, शांत झालं की पुन्हा सुरू होत. आपलंही तसंच. घाबरलं की जठर मंदावतं, अन्न वरच रेंगाळतं, जड वाटतं, ढेकर येतात. आणि त्याच वेळी मोठं आतडं मात्र वेग घेतं, म्हणून परीक्षेच्या सकाळी दोनदा संडासला पळावं लागतं. एकदोनदा पातळ झालं म्हणजे 'जंतुसंसर्ग झालाच' असं नाही, ते यामुळे.

मग फरक ओळखायचा कसा? एका खुणेवर तर मुळीच नाही. पण काही खुणा एकत्र पाहिल्या तर अंदाज बराच बरोबर येतो.

तोंडात काय चाललंय

सगळ्यात उपयोगी खूण तोंडात असते. प्रत्यक्ष उलटी जवळ आली की तोंडाला एकाएकी पातळ पाणी सुटतं. गिळावं तेवढं पुन्हा जमतं. वर येणाऱ्या आम्लापासून दात आणि घसा वाचवायची ही शरीराची तयारी आहे. भीतीत उलट घडतं: तोंड कोरडं पडतं, लाळ चिकट होते, जीभ टाळूला लागते, घशात आवंढा अडकल्यासारखा वाटतो. 'घशाशी आलंय' असं जे वाटतं ते पुष्कळदा अन्न नसतं, घशाचे स्नायू आवळलेले असतात. पाण्याचा घोट सहज खाली उतरला तर तिथे काही अडकलेलं नाही.

पण इथेच एक फसगत आहे. ही खूण वाचली की माणूस दर मिनिटाला लाळ तपासू लागतो. लक्ष दिलं की लाळ जाणवते, जाणवली की गिळली जाते, आणि प्रत्येक गिळण्याबरोबर थोडी हवा पोटात जाते. अर्ध्या तासात पोट फुगतं, ढेकर येतात आणि मळमळ खरोखर वाढते. म्हणजे खूण बरोबर, तपासायची पद्धत घातक.

सुरुवात कशी झाली, चढ कसा आहे

भीतीची मळमळ बहुधा एखाद्या विचाराच्या, शब्दाच्या किंवा दृश्याच्या शेपटाला धरून येते. शेजारणीने फोनवर 'आमच्याकडे सगळ्यांना जुलाब-उलट्या' म्हटलं आणि पाच मिनिटांत पोटात कालवाकालव. ती झटकन चढते, साधारण दहा मिनिटांत शिखर गाठते आणि नवं इंधन मिळालं नाही तर वीस-तीस मिनिटांत उतरते. तासन्‌तास टिकते तेव्हाही ती लाटांनी येते: कोणी गप्पा मारायला आलं की विसर पडतो, एकटं पडलं की परत. सोबत छातीत धडधड, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, डोकं हलकं. मुंग्या येणं ही खास खूण आहे. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा तो परिणाम.

पोटाच्या आजाराची मळमळ हळूहळू, चढत्या क्रमाने येते. गप्पांनी ती जात नाही. आवडत्या पदार्थाचा वासही नको होतो. अंग मोडून येतं, कणकण वाटते, पोटात कळा येतात, आणि एक विचित्र औदासीन्य येतं: फक्त पडून राहावंसं वाटतं. खरंच पोट बिघडलेला माणूस सहसा लक्षणं शोधत फोन चाळत नाही, फोनचा उजेडही त्याला नको असतो. याला अपवाद असतील, पण रात्री दोन वाजता सतरावं पान वाचत असाल तर अंदाजाचा काटा भीतीकडे झुकवायला हरकत नाही.

एसटी स्टँडवर हा फरक फार स्वच्छ दिसतो. कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला जायचंय. गाडी अजून फलाटावर उभी आहे, इंजिन बंद, आणि मळमळ सुरू. उभ्या गाडीत आतल्या कानाला तक्रार करायला काही कारणच नाही, म्हणजे ही भीती. (डिझेलच्या वासाने जुनी आठवण जागी होते, तीही याच खात्यात.) 'गाडी रद्द' अशी घोषणा झाली आणि मळमळ जागच्या जागी ओसरली, तर शंकाच नको. याउलट गाडी लागलेली असते तेव्हा घाट संपून गाडीतून उतरलं तरी बराच वेळ डोकं गरगरतं. रद्द व्हायच्या घोषणेने कानाचा गोंधळ मिटत नसतो.

कुचकामी खुणा

घाम, फिकट चेहरा, थरथर, हातपाय गार पडणं, जोरात चालणारी नाडी: या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच दिसतात. झोपेतून जाग येणं हीसुद्धा भरवशाची खूण नाही, कारण घबराटीचा झटका झोपेतही येतो. 'या वेळचं वाटणं वेगळं आहे' ही तर सगळ्यात फसवी खूण. प्रत्येक वेळचं वाटणं वेगळंच वाटतं.

घड्याळ लावून बघा

अन्नातून झालेल्या बिघाडाला वेळापत्रक असतं. उघड्यावर राहिलेल्या अन्नात काही जंतू आधीच विष तयार करून ठेवतात (खोलीत तासन्‌तास ठेवलेला भात हे नेहमीचं उदाहरण). त्याच्या उलट्या अर्ध्या तासापासून सहा-आठ तासांत सुरू होतात, जोरदार असतात आणि बहुधा दिवसभरात आटोपतात. साल्मोनेलासारख्या जंतूंना सहा तासांपासून काही दिवस लागतात आणि त्यांत जुलाब, ताप, कळा यांचा जोर जास्त. नोरोव्हायरसला संसर्गानंतर १२ ते ४८ तास लागतात, उलट्या एकदम सुरू होतात आणि आजार एक ते तीन दिवस चालतो. हातावरच्या सॅनिटायझरला हा विषाणू फारसा जुमानत नाही. साबण आणि वाहतं पाणी लागतं, तेही खाण्याआधी आणि संडासनंतर. तासातून सहा वेळा नव्हे.

आता सुरुवातीची रात्र घेऊ. जेवण एकला, जाग दोनला: १३ तास. विष आधीच तयार असलेल्या प्रकाराची वेळ उलटून गेली. साल्मोनेला शक्य आहे, पण ताप नाही, कळा नाहीत. नोरोव्हायरसची वेळ नुकतीच सुरू झालीय, म्हणून तो शंभर टक्के बाद करता येत नाही. लग्नातलं आणखी कोणी आजारी पडल्याचा निरोप नाही. मळमळ 'पनीर' या विचारानंतर दोन मिनिटांत चौपट झाली. निष्कर्ष: जड जेवणाने थोडी आंबूस अस्वस्थता, वर भीतीचा मोठा थर. 'बहुतेक' इथपर्यंतच पोचता येतं. 'नक्की' पाशी कोणी पोचत नाही, डॉक्टरही नाही.

आपलं लाडकं 'पित्त'

मराठी घरांत मळमळीचं एकच नाव असतं: पित्त. या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी दडतात. घशाशी आंबट येणं, छातीत जळजळ, उशिरा जेवून लगेच आडवं होणं हे आम्लाचं काम. डोकं एका बाजूने ठणकतं, उजेड-आवाज नको होतो, उलटी झाली की 'पित्त पडलं, बरं वाटलं' हे बहुतेक वेळा अर्धशिशीचं, आणि त्यावर पित्ताच्या गोळ्या खाऊन वर्षं वाया घालवण्यात अर्थ नाही, अर्धशिशीची औषधं वेगळी असतात. सकाळी उपाशीपोटी चहा घेतल्यावर ढवळतं ते रिकाम्या पोटाचं. आणि चौथी गोष्ट भीती.

यावर घरोघरी मिळणारा सल्ला म्हणजे 'घशात बोटं घाल, मोकळी होशील.' उलटीला भिणाऱ्या मुलीला हे सांगणं म्हणजे पाण्याला भिणाऱ्याला विहिरीत ढकलणं. शिवाय वैद्यकीयदृष्ट्याही त्याचा फायदा नाही, घसा आणि दात मात्र खराब होतात.

भीती स्वतः मळमळ कशी बनवते

बचावासाठी केलेल्या गोष्टीच पुष्कळदा मळमळ तयार करतात, आणि हा भाग सगळ्यात कमी सांगितला जातो. प्रवासाआधी काही खायचं नाही, 'पोटात काही नसेल तर पडणार काय?' असा हिशोब. पण रिकाम्या पोटानेच जास्त ढवळतं. दोन भाकरीऐवजी अर्धी, मग पाव, असं महिनोन्‌महिने चाललं की जठराला थोड्यानेही भरल्यासारखं वाटू लागतं, वजन उतरतं आणि नातेवाईकांना 'बारीक व्हायचं खूळ' वाटतं. सतत पेपरमिंट किंवा च्युइंगम चघळल्याने हवा गिळली जाते. पोट आत ओढून बसल्याने, नाडी घट्ट बांधल्याने जठरावर दाब येतो.

उलटी थांबवणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. ओंडान्सेट्रॉन हे सेरोटोनिनचा पहिला दरवाजा अडवतं. केमोथेरपीत किंवा पोटाच्या संसर्गात ते उत्तम काम करतं, भीतीच्या दारावर मात्र त्याचं कुलूप बसत नाही. रोज घेतलं तर बद्धकोष्ठ होतो, पोट जड होतं आणि मळमळ परत हजर. मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन यांनी काहींना एका जागी बसवत नाही अशी आतली तगमग होते, जी हुबेहूब भीतीसारखी असते. डॉम्पेरिडोनचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, तरीही ते घरोघरी फुटाण्यासारखं खाल्लं जातं. कधीमधी डॉक्टरांनी दिली म्हणून घेतलेली गोळी वेगळी, आणि पर्समध्ये आहे म्हणूनच घराबाहेर पडता येतं ती गोळी वेगळी. आलेपाक, सुंठ, लिंबू यांनी साध्या मळमळीला थोडा आराम पडतो. त्यांनाही तोच नियम.

एकदा तपासा, मग प्रश्न बंद

मळमळ जाणवली की दोन मिनिटं घ्या, घड्याळ लावून. शेवटचं कधी आणि काय खाल्लं? सोबत जेवलेलं कोणी आजारी आहे का? ताप आहे का, थर्मामीटरने, एकदाच? मळमळीच्या अगदी आधी डोक्यात काय होतं? तोंड कोरडं की पाणीदार? यावरून 'बहुतेक भीती' किंवा 'बहुतेक पोट' असं एक लेबल लावा आणि पुढचा तासभर पुन्हा तपासू नका.

तपासणं थांबवण्यावर इतका भर का? कारण 'खरी की खोटी?' हा प्रश्नच या आजाराचं इंजिन आहे. प्रत्येक तपासणीने घटकाभर हायसं वाटतं आणि मेंदू शिकतो की तपासलं म्हणूनच वाचलो. पुढची शंका लवकर येते.

लेबल कुठलंही असलं तरी पुढची कृती जवळपास एकच ठेवा. बसते व्हा किंवा उशी उंच करा. कमरेची नाडी सैल. श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, पाच मिनिटं. मळमळ घालवायला नव्हे, भराभर श्वासाने येणाऱ्या मुंग्या टाळायला. साध्या पाण्याचे दोन घोट. आणि मग जे करत होतात ते, मळमळीसकट: भाजी निवडा, हिशोब लिहा, झोपून राहा. मोरीजवळ जाऊन बसू नका.

खरंच उलटी झाली तर? दहा मिनिटं पोटाला विश्रांती, मग ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात आणि चमचा-चमचा, दर दोन-चार मिनिटांनी. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात साखर सपाट सहा छोटे चमचे आणि मीठ अर्धा छोटा चमचा.

घरच्यांसाठी एकच सूचना, पण कठीण. 'आई, मला उलटी होणार नाही ना?' या प्रश्नाला दिवसातून दहा वेळा 'नाही गं बाळा' म्हणणं ही तपासणीच आहे, फक्त दुसऱ्याकडून करून घेतलेली. त्याऐवजी म्हणा, 'मला माहीत नाही. झाली तर बादली आहे, मी आहे. चल, कपड्यांच्या घड्या घालू.' पहिले काही दिवस मूल चिडेल, रडेल. उत्तर बदलू नका.

इथे मात्र वाट पाहायची नाही

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट, हिरवट उलटी, पोटात असह्य किंवा एका जागी टिकून राहिलेली कळ, डोक्याला मार लागल्यानंतरची उलटी, तापासोबत मान आखडणं, आठ तास लघवी नाही, दिवसभर पाणीही टिकत नाही: थेट दवाखाना. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घाम आणि मळमळ एकत्र असेल तर हृदयाची शंका आधी घ्यायची, विशेषतः बायकांत आणि मधुमेहींत, कारण त्यांच्यात हृदयविकार कधीकधी 'नुसती मळमळ' म्हणूनच येतो. मधुमेह्याची साखर चढलेली असताना उलट्या हीसुद्धा तातडीचीच गोष्ट. पाळी चुकली असेल तर चाचणी करा. नवीन औषध सुरू झालंय का ते पाहा: मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या, कित्येक प्रतिजैविकं मळमळ आणतात. काही आठवड्यांत प्रयत्न न करता वजन उतरलं असेल तर 'भीती' हे लेबल लावायच्या आधी डॉक्टर.

उपचार

या भीतीवर सगळ्यात जास्त भरवसा आहे तो पायरी-पायरीने सामोरं जाण्याच्या वर्तनोपचारावर. इंग्लंडमधली एक छोटी पण नेटकी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली: २४ जण, त्यातल्या निम्म्यांना १२ सत्रांचा उपचार, निम्मे प्रतीक्षेत. उपचार घेतलेल्या १२ पैकी ६ जणांत ठोस सुधारणा झाली, प्रतीक्षेतल्या १२ पैकी २ जणांत. चमत्कार नव्हे, पण 'स्वभावच असा' म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. सोबत काहींना सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामसारखी औषधं दिली जातात. त्यांचा सुरुवातीचा एक-दोन आठवड्यांचा नेहमीचा त्रास मळमळ हाच असतो, हे डॉक्टरांनी आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी गोळी कचऱ्यात जाते. लहान डोसपासून, जेवणासोबत सुरू करता येईल का ते विचारून घ्या. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

उपचारात प्रत्यक्ष उलटी करायला लावत नाहीत. पायऱ्या साधारण अशा चढतात: 'उलटी' हा शब्द वहीत दहा वेळा लिहिणं, मोठ्याने म्हणणं, चित्र बघणं, आवाज ऐकणं, व्हिडिओ बघणं. समांतर, शरीराच्या जाणिवांची सवय: फिरत्या खुर्चीत मिनिटभर गोल फिरणं, एक मिनिट मुद्दाम भराभर श्वास घेणं, पोटभर जेवून लगेच फिरायला निघणं. (गरोदरपण, अपस्मार, हृदयविकार, दमा असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.) टाळलेले पदार्थ परत ताटात: आधी घरचं पनीर, मग हॉटेलातलं.

वरच्या पायरीवर एक सराव असतो, तो घरीही करता येतो. उरलेली मुगाची खिचडी, थोडं ताक, चमचाभर व्हिनेगर, किसलेलं गाजर, कोमट पाणी: दोन वाट्या होईल इतपत पातळ कालवायचं. तोंडात एक घोट पाणी घेऊन कमोडपाशी गुडघे टेकायचे, वाटीतलं मिश्रण उंचावरून ओतायचं आणि त्याच वेळी तोंडातलं पाणी आवाज करत थुंकायचं. वास, आवाज, गुडघ्याखालची गार फरशी, सगळं खरं. पहिल्या दिवशी भीती दहापैकी नऊ असते. तिथून उठायचं नाही, नऊची सहा-पाच होईपर्यंत तसंच थांबायचं, पंधरा-वीस मिनिटं लागतात. नंतर हात नेहमीसारखे एकदाच धुवायचे आणि लगेच बाहेर येऊन काहीतरी खायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच वेळी.